शंभर टक्के

तेरावा माणूस रुग्णालयातली लिफ्ट चालवत होता. बाई त्याच्याबरोबर चार वेळा वर गेल्या, चार वेळा खाली आल्या, तरी त्याने फॉर्मवर सही केली नाही.

"बायकोला ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण जावयाला मी पदवीधर असल्याचं सांगितलंय. आता या वयात शोभा नको."

"नाव छापणार नाहीत. नुसता आकडा धरतील."

"आकडा तरी माझाच ना?" त्याने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि बाईंकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी."

"दारोदार फिरणाऱ्या बाईला सगळ्यांनीच कुठंतरी पाहिलेलं असतं," म्हणत बाई उतरल्या.

बाई एका संशोधन संस्थेत सर्वेक्षणाचं काम करत. संस्था तोलामोलाची. पदवी नसलेल्याला तिथे शिपाई म्हणूनही घेत नसत. या वेळी संस्थाप्रमुख सरांनी विषय निवडला होता तो असा, की मोठं यश मिळवायला पदवी उपयोगी पडते की आडवी येते? निमित्त होतं बॅटरीवाल्याचं. या गृहस्थाने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, बॅटऱ्या बनवायला घेतल्या आणि आज त्याचे चार कारखाने होते. "पदवी घेतली असती तर मी आज कारकून असतो," हे त्याचं वाक्य निम्म्या शहराला पाठ होतं.

त्याच वर्षी त्याच कॉलेजातून आणखी तीस जणांनी शिक्षण सोडलं होतं. त्या सगळ्यांचं पुढे काय झालं, ते बाईंनी शोधायचं होतं. नियम एकच. सही केलेला फॉर्म आला तर माणूस सापडला. नाही आला तर यादीत 'सापडला नाही' असं लिहायचं आणि त्याला मोजणीतून वगळायचं.

बॅटरीवाल्याचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात आला, छान टाइप केलेला, सोबत दोन फोटो. बाकीच्यांनी मात्र बाईंना अक्षरशः रडवलं. एकजण छत्र्या दुरुस्त करत होता, त्याने ऐकू येत नसल्याचं सोंग घेतलं. एकाने दार उघडलंच नाही. एकाच्या बायकोने तो गेल्याचं सांगितलं आणि आतून त्याचा खोकला ऐकू आला.

"तुम्हाला हे पत्ते मिळतात तरी कुठून?" सर नवलाने विचारत.

"चौकशी करते," बाई म्हणत.

बाईंचा जीव या कामात अडकला होता, त्याचं कारण घरी होतं. लेक दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला कॉलेज सोडायचं होतं. तिच्या पलंगामागच्या भिंतीवर बॅटरीवाल्याचा फोटो चिकटवलेला होता. स्वतः काय बनवणार, हे मात्र तिचं अजून ठरलं नव्हतं.

"शिकून काय दिवे लावले लोकांनी?" ती म्हणायची. "तुझंच बघ. पदवी घेतलीस आणि लोकांच्या बेल वाजवत फिरतेस."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "अगं, आजच एक माणूस भेटला. त्याच कॉलेजातला. लिफ्ट चालवतो."

"सगळ्या आयांच्या गोष्टीत कॉलेज सोडलेला माणूस लिफ्टच चालवतो. कागदावर दाखव. तुमच्या अहवालात एक तरी गाळात गेलेला दाखव, मी मुकाट्याने परीक्षेला बसते. नाहीतर सोमवारी नाव काढून घेते."

लेक हट्टी होती, पण शब्दाची पक्की होती. एका सहीचा तर प्रश्न होता. बाईंनी त्या आठवड्यात चपलांचे अंगठे झिजवले, हात जोडले, एका माणसाच्या तर पाया पडायच्या बाकी राहिल्या. अपयश कबूल करायला कुणी तयार होईना.

शुक्रवारी दुपारी सरांनी यादी पुढ्यात घेतली. बॅटरीवाला सोडून सगळ्यांपुढे 'सापडला नाही' लिहिलेलं होतं, एका नावापुढची जागा तेवढी कोरी होती.

"म्हणजे आत्तापर्यंत शंभर टक्के," सर कडवट हसले. "कॉलेज सोडलेले जेवढे सापडले, तेवढे सगळे कारखानदार! पोरं हे वाचून कॉलेजं ओस पाडतील. मला छापायला लाज वाटते, पण आकड्यांपुढे माझं काय चालणार? उलट बाजूचा एक फॉर्म आला असता तरी सगळं पन्नासावर आलं असतं. ही शेवटची कोण?"

"मुलगी आहे. लग्न ठरलं म्हणून कॉलेज सोडलेली. नंतर नाव बदललं."

"मग सापडली नाही?"

"भेटले मी तिला."

सर खुर्चीत पुढे सरकले. "काय म्हणते?"

"घरी सगळ्यांना वाटतं, ती पदवीधर आहे. नोकरीही त्याच थापेवर मिळालीय. सही केली तर दोन्हीकडून जाईल, म्हणते."

"अहो, पण एखाद्या पोराचं आयुष्य वाचेल. तिला हे सांगितलंत का? नीट विनवलंत का?"

"रोज विनवतेय, सर. आठवडाभर झोप नाही मला."

छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि यादी बाईंपुढे सरकवली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडून लेक विचारत होती, "सापडलं का कुणी?"

"नाही गं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून स्वतःच्या माहेरच्या नावापुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सापडली नाही'.