हो म्हटलं की सुटलो

“ताप उतरला तवा तुमचं पोट दुखत होतं का, हो?”

उदयसिंगनं हातातला घास ताटात टाकला. दोन दिवसांपासून धनीबाईचं हेच चाललं होतं.

“नाही दुखलं. कितीखेप सांगू?”

“थोडकंसं बी नाही?”

“तुले माह्यं पोट दुखवूनच पाहायचं आहे काय व?”

ती घटापुढच्या दिव्यात तेल घालायला उठली.

उदयसिंगला नुकताच डेंग्यू होऊन गेला होता. पण त्याला विचाराल तर ते काहीच नव्हतं, खरा छळ बरं झाल्यावर सुरू झाला. शेजारचे पपईच्या पानांचा कडू रस घेऊन येत आणि पाजल्याशिवाय हलत नसत. सोयाबीन सोंगायला आलेलं आणि हा खाटेवर. त्यात मालेगावच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बायकोसमोर नको ते सांगून ठेवलं होतं.

“ताप उतरला म्हणजे सुटलो, असं समजायचं नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “खरी भीती तेव्हाच असते. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, तर तसंच उठून यायचं. आणि घराजवळ साचलेलं पाणी ओतून टाका. याआधी कधी झाला होता का डेंग्यू? दुसऱ्यांदा झाला की जास्त जड जातो.”

“मले नाही जी. हिले झाला होता मागं. केनवडले, माहेरी गेली होती तवा.”

“पेशंट कोण, तुम्ही की त्या?” डॉक्टर हसले. उदयसिंगही हसला. धनीबाई मात्र दाराला टेकून एकेक शब्द ऐकत उभी होती. तिथंच सगळं बिघडलं, असं उदयसिंगचं ठाम मत होतं.

मागच्या अंगणातला पाण्याचा ड्रम उद्या ओतू, उद्या ओतू म्हणत तसाच राहिला.

नवरा तापानं फणफणलेला असताना धनीबाईनं देवीला नवस बोलून ठेवला होता. घट बसल्यापासून तिच्या पायात चप्पल नव्हती, पोटात अन्न नव्हतं आणि तोंडात स्वतःबद्दल कुरकुर नव्हती. नवस करणारीनं कुरकुर केली की धन्याचं गेलेलं दुखणं माघारी येतं, असं तिच्या आईनं शिकवलेलं. त्यामुळं घरातल्या कुरकुरीचा सगळा वाटा उदयसिंगनं उचलला होता. पहिल्या माळेला तिचंही अंग तापलं होतं, पण उन्हात सोंगणी करणाऱ्या कोणाचं तापत नाही? ते गेलंही.

दुपारी त्याचा डोळा लागतो न लागतो तोच कपाळावर गारेगार हात पडला. तो दचकून उठला.

“हात कायले एवढे गार तुहे?”

“पाण्यात होते. तुमचे पडले होते का असे?”

“नाही!”

“अन् दात घासतानी रगत?”

“अवं बाई, झोपू दे ना मले!”

संध्याकाळी ती मोरीत बराच वेळ चुळा भरत बसली. बाहेर आली तर पदराच्या काठाला लाल डाग. कुंकवाची बोटं पदराला पुसायची तिची जुनी खोड होती. त्यावरूनही तो बोलला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “उलट्या झाल्या होत्या का, हो? लागोपाठ?”

आता मात्र उदयसिंगचं डोकं फिरलं. आणि त्या फिरलेल्या डोक्यातच त्याला युक्ती सुचली. नाही म्हटलं की ही पुन्हा विचारते. हो म्हटलं तर?

“हो,” तो म्हणाला. “झाल्या. पोटबी दुखलं, रगतबी आलं, हातपायबी गार पडले. तू बोंब मारशील म्हणून सांगतलं नाही. आपोआप गेलं सगळं. झालं समाधान?”

“आपोआप?”

“मंग काय! ना सुई, ना गोळी.”

कितीतरी दिवसांनी धनीबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. “मंग बरं,” ती म्हणाली आणि घटासमोर जाऊन आडवी झाली. त्यानंतर तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. एवढं सोपं होतं तर आधीच कसं सुचलं नाही, म्हणून उदयसिंग स्वतःवरच चिडला.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला मालेगावला जायचं होतं. सोबत कुणीतरी आणा, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळं धनीबाईला मोटारसायकलवर मागं बसवावं लागलं. वाटभर ती त्याच्या पाठीवर डोकं टाकून होती.

“नीट बस ना व! गाडी डुलून राह्यली,” तो पुन्हा पुन्हा ओरडत होता.

दवाखान्यात ती बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसली. आत डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट पाहिला.

“छान. पेशी वाढल्यात. तुम्ही मोकळे.”

“मी मोकळाच होतो, साहेब. तिले सांगा! डोकं खाल्लं माह्यं. पोट दुखत होतं का, रगत आलं का, हातपाय गार पडले का, उलट्या झाल्या का...”

“कधीपासून विचारतायत त्या?”

“दोन-तीन दिस झाले. शेवटी म्हटलं, हो, झालं सगळं, अन् गेलंबी आपोआप. तवा कुठं गप बसली.”

उदयसिंग हसला. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची मागं सारून ते बाहेर गेले, बाकापाशी उकिडवे बसले आणि धनीबाईचं मनगट हातात घेऊन नाडी शोधू लागले. मग त्यांनी दुसरं मनगट धरलं. मग सिस्टरला हाक मारली, इतक्या मोठ्यानं की रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

धनीबाईनं डोळे अर्धे उघडले. दातांच्या कडेनं लाल रेघ दिसत होती. मागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं तिनं मानेनं दाखवलं.

“घाबरू नका, साहेब,” ती म्हणाली. “यायलेबी असंच झालं होतं. आपोआप जाते.”