उलटा स्वेटर

तिसऱ्यांदा तेच वारूळ समोर आलं, तशी कस्तुरी रडकुंडीला आली. बाबांना शेतावर न्याहारी देऊन ती घरी निघाली होती. वाट रोजचीच, पण आज धुक्यात ती संपतच नव्हती.

चकवा! तो माणसाला एकाच जागी गरागरा फिरवतो आणि अंगातला कपडा उलटा घातला की सोडतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कस्तुरीने लाल स्वेटर काढला, उलटा करून घातला आणि चार पावलं टाकली, तर समोर घर!

तिच्या जिवात जीव आला. पण अंगणात आई एका मुलीची वेणी घालत होती. त्या मुलीचा स्वेटरही लाल, कोपरावर तेच निळं ठिगळ, चेहरासुद्धा कस्तुरीचाच!

“आई, अगं मी इकडे आहे!”

आईने डोळे बारीक केले. “कोण गं ती?”

“चकवा असेल,” आईजवळची मुलगी म्हणाली. “स्वेटर बघ की, उलटा घातलाय.”

आईने दचकून तिला पोटाशी ओढलं.

“थांब, दाखवते!” कस्तुरीने घाईघाईने स्वेटर काढला, सुलटा करून घातला. गळ्यातून तोंड बाहेर काढलं, तर समोर वारूळ.