लहान्या कॅमेऱ्याचं झाकण

पुन्हा एक फोटो काळा निघाला. कलीमने मागचा फोटो उघडून पाहिला. नवरीचा मेंदीचा हात, लख्ख. पुढचा पाहिला. नवरीची मावशी दात काढून हसत होती, तोही लख्ख. मधला तेवढा तव्याच्या बुडासारखा काळा.

"झाकण राह्यलं असंल," आतून फरीदा म्हणाली. दर वेळी ती हेच म्हणायची.

उमरखेडला कलीमचा स्टुडिओ होता. लग्नात पुरुषांकडचे फोटो तो काढायचा, बायकांकडचे त्याची बायको फरीदा. त्याच्या गळ्यात मोठा डीएसएलआर. तिच्या हातात लहाना रेंजफाइंडर, तिच्या भावाने, रहेमानने वापरून दिलेला. मोठ्यात माणूस थेट लेन्समधून पाहतो. लेन्सवर झाकण असलं तर डोळ्यापुढे अंधार, आणि बटणही दबत नाही. लहान्याची पाहायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. झाकण असलं तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं, फोटो मात्र काळा येतो. "माझ्या कॅमेऱ्यात झाकण राहूच शकत नाही," हे कलीम दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. चहा प्यायला आलेलाही त्यातून सुटत नसे.

खरं सांगायचं तर रोजच्या वापराला लहानाच बरा होता. मोठ्याने मान दुखायची, आणि त्याचा खटका वाजला की लेकरं शाळेच्या फोटोसारखी ताठ व्हायची. लहाना पर्समध्ये मावायचा आणि आवाज करायचा नाही. त्यात फोकस हाताने जुळवावा लागे, कलीमला तेवढा धीर नव्हता. पण नाकाला पीठ लागलेल्या उमेराचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा, फरीदाने काढलेला फोटो पाहिला की तो गप्प व्हायचा. हे त्याला कळत होतं. कबूल करणं वेगळं.

आता मात्र त्याच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. झाकण विसरलं असतं तर ओळीने चार-पाच फोटो काळे आले असते. एकच काळा, याचा अर्थ मधेच झाकण लावलं, बटण दाबलं आणि झाकण काढलं. विसरलेला माणूस असं करत नाही. यंदा रहेमाननेही बसस्टँडजवळ स्टुडिओ टाकला होता. नवऱ्याचं नाव खराब झालं की भावाचं दुकान चालणार. सख्ख्या बायकोवर असा संशय घेताना त्याला लाज वाटली, पण संशय काही गेला नाही. तिने आणून दिलेल्या चहाकडेही तो तिरपं पाहू लागला.

"हा लहाना मी विकून टाकतो," एक दिवस तो म्हणाला. "तूबी मोठाच वापर."

फरीदाचं तोंड उतरलं. "येवढं एक लग्न होऊ द्या ना जी," ती म्हणाली. कधी साडी-बांगडीसाठी न विनवणारी बाई कॅमेऱ्यासाठी विनवत होती. कलीमचा संशय पक्का झाला.

त्या लग्नात तो नवरदेवापाशी कमी आणि कनातीपाशी जास्त होता. बायकांच्या बाजूला फटीतून पाहणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. तरी त्याने पाहिलं.

एक जाडजूड बाई फरीदाचा दंड धरून तिच्या कानाला लागली होती. तिने बोट दाखवलं. पलीकडे हिरव्या ओढणीतली एक पोरगी शरबताचे पेले वाटत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता. फरीदाने मान डोलावली. वळता वळता तिने अंगठ्याने लेन्सवर झाकण बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ऐटीत बटण दाबलं. बाईने फोटो पाहायला मागितला. काळा. फरीदाने कपाळावर हात मारून घेतला. बाई पुटपुटत निघून गेली. लगेच झाकण निघालं.

जेवणाच्या वेळी कलीमने तिला पाण्याच्या ड्रमांपाशी गाठलं.

"तू हे मुद्दामून करतं!"

"हो," फरीदा म्हणाली. "नवरदेवाची फुफी होती ते, त्याच्या बापाची बहीण. आपल्या पोरासाठी पोरी पाहून राह्यली. दर लग्नात अशी एक तरी येते. मोबाइल रोखला तं पोरगी तोंड फिरवते, तिची माय भांडाले उठते. फोटोवालीवर कोणी शक करत नाही, म्हणून मले चोरून काढाले लावतात."

"मंग नाही म्हणून सांगत जा."

"नाही म्हटलं तं पुढच्या लग्नाले आपल्याले कोण बोलावते? झाकण राह्यलं म्हटलं तं नुसती येडी म्हणतात. अन् हे लहान्यावरच खपते. मोठ्यात झाकण राहूच शकत नाही म्हणून तुम्हीच गावभर सांगून ठेवलं."

कलीमच्या छातीवरचा धोंडा उतरला. रहेमानचा यात काही संबंध नव्हता. बायको सरळ होती. त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसलाच, आणि हायसं वाटलं की त्याची जीभ सैल सुटायची.

"अवं, पण त्यात येवढं काय?" तो म्हणाला. "रिश्ते अशेच जुळतात. आपलंबी तसंच जुळलं. पुसदच्या लग्नातला तुझा फोटो आला होता. हातात ताट, अन् तू दुसरीकडंच पाहून राह्यली होती. म्या एका नजरेत हो म्हटलं."

फरीदाने ओढणीने लेन्स पुसली.

"मले कोणं विचारलं होतं?" ती म्हणाली. "डीएडले नंबर लागला होता माहा. त्या फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याले झाकण राह्यलं असतं, तं आज मी मास्तरीण असती."