आपटलेली बाटली

प्रयोगशाळेत लाकडाच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून केसाहून बारीक तंतूंची खळ बायकोने बनवायची आणि ती किती घट्ट झाली ते नवऱ्याने यंत्रावर मोजायचं, अशी दोघांची वाटणी होती. आजही त्याने बाटली टेबलावर दाणकन आपटली, खळ मोजली, आणि आकडा पुन्हा कमी आला. त्याने तिच्या कानाखाली जाळ काढला.

"खळ बनवतेस की पाणी?"

"खळ चांगलीच आहे," ओठावरचं रक्त पुसत ती म्हणाली. "तू मोजायच्या आधी बाटली आपटतोस. आपटली की ती पातळ होते. काही वेळ हात लावला नाही, तर आपली आपण घट्ट होते."

"मला शिकवतेस?" म्हणत त्याने तिचं डोकं कपाटावर आदळलं.

मग तो आठवडाभर परगावी गेला. परत आल्यावर त्याने तीच बाटली उलटी धरून पाहिली. थेंबही हलला नाही.

"आता कसं जमलं गं?"

"आठवडाभर कुणी हात लावला नाही."

उलट उत्तर ऐकताच सवयीने त्याचा हात उठला. तिने तो वरच्या वर धरला आणि मनगटाचं हाड कटकन वाजेपर्यंत पिरगळला.