गाड्यांची वही

पहिल्या सॉफ्टवेअरने तेच उत्तर तिसऱ्यांदा दिले : अहवाल तयार करता येत नाही.

"हे काहून मानून नाही राह्यलं?" सुनीलने विचारले.

"याले गिऱ्हाइकाचं नाव पाह्यजे," त्याची मोठी बहीण संगीता म्हणाली. "नाव दिलं तर म्हणते, पाच वर्षांत एकही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं नाही. नोंदी तपासा म्हणते."

सन २०१६चा पौष महिना होता. राळेगाव तालुक्यातील त्यांच्या बंजारा तांड्याभोवती कापूस वेचून रिकामी झालेली पऱ्हाटी काळी, वाळकी अशी उभी होती. बोंडअळीने यंदा वेचण्याजोगे फारसे ठेवलेच नव्हते. त्या पऱ्हाटीपासून जळणाच्या विटा करण्याची कंपनी या भावंडांनी काढली होती. संगीताने त्यासाठी नागपूरची नोकरी सोडली होती. सोमवारी यवतमाळला गुंतवणूकदारांपुढे जळणाच्या मागणीचा मागील पाच वर्षांचा अहवाल व पुढील वर्षाचा अंदाज ठेवणे अनिवार्य होते. अन्यथा भाड्याने आणलेले विटांचे यंत्र परत जाणार होते.

नव्या कंपनीला मागील वर्षे कुठून असणार? तथापि वडील सेवादास यांच्यापाशी एक वही होती. भावंडे लहानपणापासून आश्रमशाळेत व पुढे नागपुरास राहिली. वडील बैलगाडीने आसपासच्या गावी लाकूड पोचवतात, एवढेच त्यांना ठाऊक होते. गाडी पोचवून आले की अंगणात आंघोळ केल्यावाचून ते उंबरठा ओलांडीत नसत, असा त्यांचा स्वच्छतेचा नेम होता.

वही मागितली तेव्हा सेवादास थबकले होते.

"कायले पाह्यजे?"

"मागं किती गाड्या लागल्या ते सांगितलं, का पुढच्या वर्षी किती लागतीन ते हे सांगते, बा."

"सांगते?" त्यांनी लॅपटॉपकडे निरखून पाहिले आणि वही काढून दिली.

प्रत्येक ओळीत तारीख, गाव, नाव आणि एक गाडी. रुपयांचा रकाना नव्हताच.

"भाव काहून नाही लिहिला, बा?"

"त्याचा काय भाव लिहाचा," असे म्हणून ते बैलांकडे निघून गेले.

"बाले धंदा जमला असता तं आपण आज माडीत राह्यलो असतो," सुनील हसला होता. संगीताने मग प्रत्येक ओळीपुढे लाकडाचा चालू दर स्वतःच मांडला.

दुसरे सॉफ्टवेअर स्वस्त होते आणि नावे विचारीत नव्हते. त्याला तारीख, गाव आणि आकडा पुरेसा होता.

"हेच घेऊ," सुनील म्हणाला.

"पहिलं काहीतरी बरोबर बोलून राह्यलं, असं वाटते मले."

"त्याले गिऱ्हाइकाची कुंडली पाह्यजे! सोयरीक जुळवाची हाय का त्याले? अन् आकडे तं बाचेच हायेत ना?"

संगीताने वहीची पाने पुन्हा चाळली. यंत्र परत गेले तर आपणही रिकाम्या हाती परत जाणार, हे ती जाणून होती. अखेरीस तिने दुसरे निवडले.

पडद्यावर रेघ चढत गेली. वर्षागणिक गाड्या : अकरा, चौदा, एकोणीस, चोवीस, एकोणतीस. पुढील वर्षाचा अंदाज होता पस्तीस.

सुनीलने टाळी वाजवली. "चढता धंदा हाय! बा, इकडं ये, पाय!"

सेवादास दारात येऊन उभे राहिले. संगीताने पुढील वर्षाचे आकडे गावनिहाय वाचून दाखवले. सर्वांत शेवटी, गावांच्या यादीत तिनेच घातलेले, त्यांच्या तांड्याचे नाव होते.

"आपल्या इथं पाच वर्षांत एकही नाही. पुढच्या वर्षी दोन."

सेवादास उंबरठ्यावरच खाली बसले. डोक्याचे पागोटे त्यांनी काढून मांडीवर ठेवले.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "म्या जलमभर सरणाबिगर कोठं लाकूड नाही नेलं. एका मयतीले एक गाडी. आपल्या तांड्यातले ते दोघं कोण, तेवढं इचार त्याले."