आधी बाबांना

ऑटिझम असलेल्यांच्या हृदयाला धोका जास्त असतो, असं कुठेतरी वाचल्यापासून स्वतः ऑटिस्टिक असलेल्या तेवीस वर्षांच्या लेकीने घर डोक्यावर घेतलं होतं. जिना चढला की नाडी बघायची, साधा ढेकर आला तरी हात छातीवर. "तुझं हृदय ठणठणीत आहे, ताप माझ्या डोक्याला आहे," असं म्हणत शेवटी बाबाच तिला ईसीजी काढायला घेऊन गेले.

तिथे ती खुर्चीतून उठेना. लहानपणापासून तिचं ठरलेलं होतं. केस कापायचे असोत की दात तपासायचे, नवीन काहीही आधी बाबांवर करून दाखवायचं.

"ते चिमटे गार लागतात का? आधी बाबांना लावा."

"लावा हो," बाबा शर्टाची बटणं काढत ईसीजीवाल्या बाईंना म्हणाले. "हिच्यापायी मी एक कानसुद्धा टोचून घेतलाय."

बाईंना हसू आवरेना. हसत हसतच त्यांनी बाबांचा कागद हातात घेतला, आणि मग हसू थांबवून डॉक्टरांना बोलावून आणलं.

"आज आलात म्हणून निभावलं," कागद बघून डॉक्टर म्हणाले. "आता घरी जायचं नाही. लगेच ॲडमिट व्हा."

थोड्या वेळाने नर्स सलाईनची सुई घेऊन आली. ती बघून पलंगावर पडलेल्या बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.



लेकीने बाही वर सारून आपला हात पुढे केला. "आधी मला टोचा. बाबा बघतील."