बटणांचा डबा

उकंडाने डब्यात हात घातला. काळं बटण निघालं.

"म्हणजे जुनं इंजेक्शन," डॉक्टर खानझोडे म्हणाले. "प्रोकेन."

जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी उचलणारा धडधाकट गडी, पण अक्कलदाढेने आठवडाभर त्याला धड भाकर चावू दिली नव्हती. सुजलेला गाल धरून त्याने विचारलं, "अन् पांढरं निंगालं असतं त?"

"तर नवं, लिग्नोकेन. ते लवकर बधिर करतं आणि जास्त टिकतं म्हणतात. खरंखोटं मला पाहायचंय." डॉक्टर नुकतेच मुंबईहून दातांचं शिकून दारव्ह्याला आले होते. दोन्ही औषधांचा निकाल त्यांना आपल्या प्रोफेसरांना कळवायचा होता. डबा खालच्या हबीब टेलरकडून आणलेला, त्यात काळी आणि पांढरी बटणं सारखीच. "कुणाला कोणतं, हे मी ठरवत नाही. जो येईल त्याने डब्यात हात घालायचा."

"जो येईन तो?"

"जो येईल तो. तरच तुलना खरी."

उकंडाला हे फार आवडलं. नागपूरला धम्मदीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी सगळ्यांनी हात घालावा असं एकही भांडं गावात अजून त्याच्या पाहण्यात आलं नव्हतं. तो आपण होऊन खुर्चीत बसला.

काळ्या बटणाने दगा दिला. दाढेचं मूळ वाकडं निघालं आणि डॉक्टरांची खटपट चालू असतानाच औषध उतरलं.

"लागतंय का? खरं सांग, मला लिहायचंय."

"लागून राह्यलं," उकंडा घशातून म्हणाला.

पुन्हा सुई टोचावी लागली. दाढ निघाली तोवर त्याचा सदरा घामाने पिळून काढण्यासारखा झाला होता. नशीब आपलं, दुसरं काय, असं मनाशी म्हणत तो कापूस दाबून बाकावर बसला.

तेवढ्यात बोरीचे देशमुख गाल धरून आले. त्यांचीही अक्कलदाढच. डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी डबा पुढे केला.

"मी डॉक्टरकडं आलो का शिंप्याकडं?" देशमुख करवादले, पण त्यांनी हात घातला. काळं बटण निघालं. "हे काय म्हनते?"

"जुनं इंजेक्शन, आबासाहेब."

"मले जुनं?"

डॉक्टर घुटमळले. त्यांनी बटण परत टाकून डबा खडखडवला. देशमुखांनी पुन्हा काढलं. पुन्हा काळंच. मग डॉक्टरांनी डब्यात डोकावून स्वतःच एक पांढरं बटण उचललं आणि देशमुखांच्या तळहातावर ठेवलं.

उकंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडावंसं वाटलं, पण तोंडात कापूस आणि जीभ अर्धी मेलेली. दाढ उपटताना आलं नव्हतं एवढं पाणी आता त्याच्या डोळ्यांत आलं.

"काहीच समजलं नाही ना बावा!" दाढ निघाल्यावर देशमुख म्हणाले. डॉक्टर खूश झाले. तेही त्यांनी लिहून घेतलं.

देशमुख गेले तरी उकंडा तिथेच बसून होता. डॉक्टरांनी उगाच हात पुसले. "तुझी डावीकडचीही काढावी लागेल. पुढच्या बाजारी ये. तेव्हा तुला पांढरंच देऊ. डबाबिबा काही नको."

उकंडाने तोंडातला रक्ताळलेला कापूस काढला.

"मले पांढरं नोको, डॉक्टरसाहेब. मी त तुमच्या डब्याच्या भरोशावर खुर्चीत बसलतो."

त्याने टेबलावरचा डबा उचलला. डॉक्टरांनी अडवलं नाही. डावी दाढ ठणकत होती, तरी तो एकेक पायरी सांभाळून खाली उतरला आणि डबा हबीबच्या मशीनजवळ ठेवला.

"हे घ्या तुमची बटनं, हबीबभाई," तो म्हणाला. "सदऱ्यालेच लावा."